लाल बसची जन्मतारीख

मुंबईकरांना डबल डेकरचं कौतुक सांगायला नको. आपल्याकडे ती १९३७ पासून धावली. लंडनमध्ये मात्र काही बसवेडी मंडळी नवी बस रस्त्यावर आली की तिचा क्रमांक, मार्ग आणि तारीख वहीत टिपतात. आधी मलाही हसू यायचं. पण तिथे प्रत्येक बसवर नंबरप्लेटखेरीज ताफ्यातला क्रमांक असतो, म्हणून एकेका बसचा प्रवास शेवटपर्यंत शोधता येतो.

पहिली रूटमास्टर, आरएम १, ८ फेब्रुवारी १९५६ ला २ नंबरच्या मार्गावर आली. अशा २,८७६ बस तयार झाल्या. नेहमीच्या सेवेतली शेवटची फेरी ९ डिसेंबर २००५ ला १५९ नंबरवर झाली. नव्या रूपातली रूटमास्टर २७ फेब्रुवारी २०१२ ला ३८ नंबरवर धावली.

मुंबईची शेवटची डिझेल डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ ला निवृत्त झाली, तेव्हा आपण सगळेच हळहळलो. पण तीच बस पहिल्या दिवशी कुठल्या मार्गावर होती, आपल्यापैकी कुणी लिहून ठेवलं होतं? निरोपाला गर्दी होते, आगमनाची नोंद राहून जाते. पुढच्या सुट्टीत मुंबईत नवी कोरी बस दिसली, तर मुलांना तिचा नंबर आणि तारीख जरूर लिहायला सांगा.