काय वाचू, असं कोणी विचारलं तर?



ग्रंथालयाच्या वर्धापनदिनाला बोलायचं म्हणजे एक अडचण असते. वक्त्याने वाचनाचं महत्त्व सांगायचं आणि श्रोत्यांनी माना डोलवायच्या, असं ठरलेलंच असतं. पण जे इथे आलेत त्यांना वाचनाचं महत्त्व आधीच पटलेलं आहे, आणि ज्यांना पटलेलं नाही ते आलेलेच नाहीत. म्हणून आज मी त्या वाटेला जात नाही. मी एक छोटा प्रश्न घेऊन आलोय. वाचनालयाच्या काउंटरवर एखादा मुलगा येतो आणि विचारतो, "काय वाचू?" त्याला उत्तर कोणी द्यायचं, आणि कसं? या प्रश्नाला आपल्याकडे चांगला दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, त्यामुळे प्लेटोपासून सुरुवात केली तर रागावू नका. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनाविरुद्ध तक्रार करतो. तो म्हणतो त्याचा आशय असा, की लिहिलेले शब्द चित्रासारखे असतात. जिवंत वाटतात, पण प्रश्न विचारा, गप्प बसतात. समोर कोण आहे हे त्यांना कळत नाही. आता गंमत बघा, ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली तीही लिहूनच! पण तक्रारीत तथ्य आहे. पुस्तक मुकं असतं. त्याला बोलतं करायला माणूस लागतो.

आपल्या समाजाला हे ठाऊक होतं. आपल्याकडे पोथी एकट्याने कोपऱ्यात बसून वाचायची वस्तू नव्हती. देवळात, ओसरीवर एक जण वाचायचा, चार जण ऐकायचे, मध्येच कोणी शंका काढायचा. पुराणिक अर्थ सांगायचा, कीर्तनकार तोच अर्थ गोष्टीतून खुलवायचा. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापर्यंतही ग्रंथ पोचत होता. अर्थात ही झाली एक बाजू. कोणती पोथी कोणी वाचायची, कोणी ऐकायची आणि कोणी देवळाच्या बाहेरच थांबायचं, हेही ठरलेलं होतं. ही दुसरी बाजू लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

इंग्रजी अमलात वाचनालयं निघाली. रत्नागिरीला १८२८, नाशिकला १८४०, पुण्याला १८४८. पुण्याच्या वाचनालयामागे लोकहितवादींसारखी माणसं होती. पण त्या काळच्या बहुतेक वाचनालयांचं नाव असायचं ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’, आणि नावावरूनच अंदाज यावा. सरकारी अधिकाऱ्यांचा पुढाकार, इंग्रजी ग्रंथांचा आणि वर्तमानपत्रांचा भरणा, आणि वर्गणी भरू शकणारे सभासद. मराठी पुस्तक तिथे पाहुण्यासारखं. म्हणून १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, हे मोठं पाऊल होतं. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे त्यात होते. पाच वर्षांनी, १८९८ला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. मराठीत छापलेलं सगळं एका जागी जमवायचं, ही यामागची तळमळ होती.

पुस्तकं जमवणं झालं. पण नुसतं जमवून वाचक येतो का? याचं उत्तर न्यायमूर्ती रानड्यांच्या पिढीला कळलं होतं असं मला वाटतं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ची. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक मोकळे, संध्याकाळी गार वारा, मग एखादा विषय घेऊन कोणी बोलावं, लोकांनी ऐकावं, वाद घालावा. पुढे गावोगावच्या वाचनालयांनी ही रीत उचलली. आज आपण ‘कार्यक्रम’ म्हणतो तो इथून आला. कीर्तनाला बसायची सवय असलेल्या समाजाला व्याख्यान परकं वाटलं नाही. तेव्हा व्याख्यानमाला ही वाचनालयाची शोभा नव्हती. मुक्या पुस्तकाला बोलतं करायची ती सोय होती.

आता जरा बडोद्याला जाऊ. कारण वाचनालय शहरातल्या सुशिक्षितांच्या बाहेर नेण्याचा मोठा प्रयोग तिथे झाला, आणि तो करणारा राजा आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेला मराठी माणूस होता. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आता विचार करा, मूल चार यत्ता शिकलं आणि नंतर त्याच्या हाताला पुस्तकच लागलं नाही, तर पाच-सहा वर्षांत ते अक्षर विसरतं. शाळेवरचा खर्च पाण्यात! म्हणून शाळेपाठोपाठ वाचनालय हवं, हा त्यांचा हिशेब होता. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. स्वतंत्र ग्रंथालय खातं निघालं, ग्रंथपालांना शिकवायचा वर्ग सुरू झाला, आणि महाराजांनी राजवाड्यातली पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. ‘लायब्ररी मिसलनी’ नावाचं त्यांचं नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे.

गावच्या वाचनालयाची योजना तर फार शहाणपणाची होती. गावाने काही रक्कम जमवायची, तेवढीच पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. म्हणजे आधी गावाला गरज वाटली पाहिजे. आणि जिथे वाचनालय उभं राहणं शक्य नाही तिथे फिरती पेटी. लाकडी पेटीत निवडक पुस्तकं घालून ती गावात पाठवायची, काही महिने ठेवायची, मग दुसरी. जाण्या-येण्याचा खर्च संस्थानाचा. बायकांसाठी, मुलांसाठी वेगळी व्यवस्था होती. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर चित्रं दाखवणारा विभागही ग्रंथालय खात्यातच होता. पोथी ऐकायला बसणारा माणूस इथे चित्र बघायला बसला. साखळी तुटली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पण एक गोष्ट बघा. पेटीत वीस पुस्तकं मावत असतील, तर कोणती वीस? शेतकऱ्याच्या गावी काय पाठवायचं, बायकांच्या मंडळाला काय? म्हणजे पुन्हा आपला पहिलाच प्रश्न. काय वाचू? पेटी भरणारा माणूस या प्रश्नाचं उत्तर देत होता, वाचकाचं तोंडही न बघता.

तोंड बघून उत्तर देणाऱ्या एका माणसाची हकिगत सांगतो. तुमच्यातल्या अनेकांना ती माहीत असेल, पण वाचनालयाच्या अंगाने आपण तिच्याकडे पाहत नाही. विसाव्या शतकाची सुरुवात. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी संध्याकाळी येऊन वाचत बसायचा. घरी एकच खोली, माणसं फार, अभ्यासाला जागा नाही. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर येत. हे शिक्षक आणि चरित्रकार, त्यांनी शिवचरित्र लिहिलंय, गौतम बुद्धाचं मराठी चरित्रही लिहिलंय. त्यांनी त्या मुलाला रोज वाचताना पाहिलं. जवळ जाऊन चौकशी केली. मग त्याला पुस्तकं देऊ लागले. पुढे एका सत्कार-सभेत त्यांनी त्याला आपलं बुद्धचरित्र भेट दिलं, आणि याच केळुसकरांनी त्याच्या कॉलेज शिक्षणासाठी सयाजीरावांकडे शब्द टाकला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर.

या पुस्तकामुळे १९५६चं धर्मांतर झालं, असं मी म्हणणार नाही. इतिहास इतका सोपा नसतो. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचं वाचन आहे, संघर्ष आहे. पण बाबासाहेबांनी स्वतः आपल्या बुद्धविचाराची सुरुवात सांगताना केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकाची आठवण काढली आहे. केळुसकरांनी काय केलं? यादी दिली नाही. आधी पाहिलं, मग विचारलं, मग दिलं. क्रम लक्षात घ्या.

आणि आता ती दुसरी बाजू. परदेशात शिकून आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी पथिकाश्रमात जात लपवून राहावं लागलं, तिथूनही बाहेर काढलं गेलं, आणि ते तिथल्या बागेत झाडाखाली बसून रडले. ज्या शहराने देशाला मोफत ग्रंथालय दाखवलं, तेच हे शहर. म्हणून मी म्हणतो, दार उघडं आहे असं पाटीवर लिहिणं वेगळं आणि आत येणाऱ्याला ‘ये, बस’ म्हणणं वेगळं. पहिलं काम कायद्याचं आहे, दुसरं माणसाचं.

आता माझीच एक चूक सांगतो. पस्तीसेक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी वाचनालयाने मला वाचकांसाठी यादी करून मागितली. मी मोठ्या उत्साहाने पन्नास पुस्तकं लिहून दिली. तत्त्वज्ञान, इतिहास, उत्तम कादंबऱ्या. त्यांनी ती टाइप करून, चौकट करून भिंतीवर लावली. वर्षाने मी पुन्हा गेलो आणि कुतूहलाने त्यातली काही पुस्तकं कपाटातून काढली. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते ना, ती कोरी. एकही शिक्का नाही! मी जरा खट्टू झालो.

तिथे काउंटरवर एक गृहस्थ बसत. शिक्षण दहावीपर्यंत. त्यांनी टेबलाच्या कडेला नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा ढीग ठेवला होता. येणारा प्रत्येक जण आधी त्या ढिगाकडे वळे. आणि हे गृहस्थ पुस्तक परत घेताना प्रत्येकाला एकच विचारत, "मागचं कसं वाटलं?" उत्तर ऐकत, आणि ढिगातलं एखादं पुढे सरकवत. बस्स. माझ्या पन्नास पुस्तकांना जे जमलं नाही ते या तीन शब्दांना जमलं होतं. मी ‘काय वाचायला हवं’ हे सांगत होतो. ते ‘तुम्ही कुठे आहात’ हे विचारत होते.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातली दुसरी आणि तिसरी जोडीने घ्यायची असतात. एकीत वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं ही काळजी, दुसरीत पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा ही. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे मांडणी नेमकी आहे. पण या दोन सूत्रांना जोडणारा दुवा काउंटरवर बसलेला असतो, आणि आपण त्याच्या पगाराचा विचार शेवटी करतो.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७चा. त्याने लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान द्यायचा मार्ग धरला. अ, ब, क, ड वर्ग आले. त्यामुळे खेड्यापाड्यांत हजारो वाचनालयं टिकली, हे ऋण मान्य करायलाच हवं. पण वर्ग टिकवायचा तर नोंदी लागतात, आणि नोंदींसाठी कार्यक्रम होतात. जयंती, पुण्यतिथी, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, फोटो. आजचा माझा सत्कारही त्यातलाच, तेव्हा मी तक्रार कोणत्या तोंडाने करू! एवढंच विचारतो, की कार्यक्रम संपल्यावर किती जणांनी पुस्तक घरी नेलं, याची नोंद आपण ठेवतो का?

शेवटी काही साध्या सूचना. महिन्यातून एक संध्याकाळ अशी ठेवा, की वक्ता नाही, हार नाही. पाच वाचकांनी पाच-पाच मिनिटं आपण वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं, आणि ते पुस्तक तिथेच दुसऱ्याच्या हातात द्यायचं. ज्यांची नजर मंदावली आहे त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा मोठ्याने वाचन ठेवा. माझ्या वयाची मंडळी दुवा देतील. बचत गटाच्या बैठकीला, दवाखान्याच्या बाकाजवळ बडोद्यासारखी एक पेटी पाठवा. आणि पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा, हे आवडलं असेल तर पुढे हे वाचा. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आवडला, तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ द्या. दोन्हींत साधी माणसं स्वतःची गोष्ट कसलाही आव न आणता सांगतात. शाळेतल्या मुलाला माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ द्या. छोटी आहे, आणि तिचा नायक तरुण मास्तर आहे. तो थोडा मोठा झाला की दया पवारांचं ‘बलुतं’ द्या, म्हणजे गावाची वेशीबाहेरची बाजू त्याला कळेल.

पण चिठ्ठीत काहीही लिहिलंत तरी आधी तो प्रश्न विचारायला विसरू नका. कारण उद्या चर्नी रोडच्या बागेतला मुलगा तुमच्या काउंटरवर आला, तर तो कोण आहे हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसणार. केळुसकरांनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त एवढंच दिसलं होतं, की हा मुलगा रोज येतो आणि वाचतो.

माझी वेळ संपली.  आता जाताना काउंटरवरून जा.