इंटरल्यूकिन-८

इंटरल्यूकिन-८ किंवा सीएक्ससीएल८ हे न्यूट्रोफिल या श्वेतपेशींना दाहाच्या जागी आकर्षित करणारे केमोकाइन गटातील प्रथिन आहे. त्याचा शोध १९८७ मध्ये लागला. मानवात त्याचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असते. उंदरात हे जनुक आढळत नाही.

कार्यपद्धती

ऊतीत जीवाणू शिरल्यावर तेथील महाभक्षी पेशी टीएनएफ व इंटरल्यूकिन-१ ही सायटोकाइन स्रवतात. त्यांच्या प्रभावाने जवळच्या रक्तवाहिनीच्या अंतःस्तरावर सिलेक्टिन प्रथिने प्रकट होतात आणि वाहत्या रक्तातील न्यूट्रोफिल त्यांत अडखळून भिंतीलगत घरंगळू लागतात. अंतःस्तरावर धरून ठेवलेले इंटरल्यूकिन-८ न्यूट्रोफिलवरील सीएक्ससीआर१ व सीएक्ससीआर२ या ग्राहींशी जोडले जाते. त्यामुळे इंटिग्रिन प्रथिने सक्रिय होऊन न्यूट्रोफिल भिंतीला घट्ट चिकटतात, पेशींमधील फटींतून बाहेर पडतात आणि इंटरल्यूकिन-८ची संहती जिकडे वाढत जाते तिकडे सरकतात.

महत्त्व

इंटिग्रिनच्या बीटा-२ उपघटकात जन्मजात दोष असल्यास रक्तात न्यूट्रोफिल मुबलक असूनही ते ऊतीत पोहोचत नाहीत. अशा बालकांना वारंवार जंतुसंसर्ग होतो, पण पू होत नाही. याउलट, सीओपीडी या दीर्घकालीन फुप्फुसविकारात इंटरल्यूकिन-८चे प्रमाण वाढलेले असते आणि जमलेल्या न्यूट्रोफिलांच्या विकरांमुळे फुप्फुसाच्या ऊतीची हानी होते.