आरडीरॅम: पेंटियम ४ सोबत लादलेली मेमरी

नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलचा पेंटियम ४ बाजारात आला, तेव्हा त्यावर गेमिंगसाठी संगणक जुळवणाऱ्यांपुढे मेमरी निवडण्याचा प्रश्नच उरला नव्हता. त्यासाठीचा तेव्हाचा एकमेव चिपसेट, आय८५०, फक्त रॅमबस कंपनीच्या तंत्राची आरडीरॅम स्वीकारी. तीही जोडीनेच घ्यावी लागे. शिवाय रिकाम्या स्लॉटमध्ये चिप नसलेली पट्टी खोचावी लागे. कारण संकेत एका पट्टीतून दुसरीत वाहत जाई आणि वाटेत खंड चालत नसे.

इंटेलचा तांत्रिक तर्क पोकळ नव्हता. हा प्रोसेसर सेकंदाला ३.२ गीगाबाइट माहिती घेऊ शके. आरडीरॅमच्या दोन वाहिन्या मिळून नेमकी तेवढीच पुरवीत. रूढ पीसी१३३ एसडीरॅम जेमतेम १ गीगाबाइटवर थांबे. घोडे अडले ते किमतीपाशी. उत्पादकांना रॅमबसला स्वामित्वशुल्क द्यावे लागे आणि पट्ट्या महाग पडत. इंटेलने काही काळ प्रोसेसरच्या खोक्यातच त्या घालून विकल्या, यावरून काय ते समजावे!

दरम्यान एएमडीच्या ॲथलॉनला डीडीआरची साथ मिळाली: वेग २.१ गीगाबाइट, पण खिशाला परवडणारी. अखेर २००१ मध्ये इंटेलनेच आय८४५ काढून पेंटियम ४ ला साधी एसडीरॅम जोडली. पाठोपाठ डीडीआरही आली. आरडीरॅमवर पैसे ओतलेल्यांच्या पट्ट्या या नव्या मदरबोर्डवर बसत नव्हत्या. २००३ च्या आय८७५ ने तर दोन वाहिन्यांची तीच युक्ती डीडीआरवर चालवली आणि ६.४ गीगाबाइटचा पल्ला गाठला.