शब्दवेध : फौज

'फौज' मूळचा अरबी. तिथे त्याचा अर्थ जथा. 'अफ्वाज' म्हणजे जथ्यांमागून जथे. फारसीत तो सैन्यासाठी रुळला आणि मराठीत येऊन 'फौजफाटा' झाला. 17व्या शतकात व्यंकोजी भोसल्यांची फौज तंजावरला पोहोचली. तिच्या मागोमाग गेलेली मराठी कुंभकोणमच्या काही घरांत आजही बोलली जाते. तमिळनेही हा शब्द 'पवुंजु' असा आपलासा केला.

जुना अर्थ मात्र व्हिडिओ गेममध्येच अधिक जिवंत आहे. 1978च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये 55 परग्रहवासी ओळी धरून उतरतात. ते संपले की तितकेच पुन्हा, आणि सुरुवातच आणखी खालून. 26 जानेवारी 2021ला आलेल्या 'फौजी' या भारतीय गेममध्ये, गलवान खोऱ्यात, हातघाईच्या लढाईत शत्रू असेच जथ्याजथ्याने येतात. गेमवाले अशा प्रत्येक जथ्याला 'वेव्ह' म्हणतात. 'फौज' हा शब्द तिथे अधिक नेमका बसतो.