विमानातल्या मोफत नाश्त्याचा छोटा इतिहास

११ ऑक्टोबर १९१९ रोजी हँडली पेज या कंपनीच्या लंडन–पॅरिस विमानात प्रवाशांना जेवणाचा डबा मिळाला. विमान कंपनीने प्रवासात दिलेलं हे पहिलं जेवण मानलं जातं. डब्यात सँडविच आणि फळं होती. किंमत ३ शिलिंग. म्हणजे विमानातलं पहिलं जेवण विकतचं होतं!

हे आधीच सांगितलं, कारण जवळच्या फ्लाइटमधला चहा-बिस्किटाचा ट्रे बंद झाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : "पूर्वी सगळं फुकट मिळायचं." पूर्वी म्हणजे कधी? आणि फुकट म्हणजे कुणाच्या पैशाने? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधली तर नाश्त्याबरोबर आणखीही काही हातात येतं.

सुरुवातीची विमानं लहान, थंड आणि प्रचंड आवाज करणारी होती. प्रवासी घाबरलेले असत, अनेकांना उलट्या होत. १९३० साली अमेरिकेत बोइंग एअर ट्रान्सपोर्टने एलन चर्च या प्रशिक्षित नर्सला पहिली हवाई सेविका म्हणून घेतलं ते याच कारणाने. प्रवाशाला धीर देणं आणि त्याच्या पोटात काहीतरी घालणं हे एकच काम समजलं जाई. १९३६ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने फक्त विमानांसाठी वेगळं स्वयंपाकघर उभारलं. तिथून गरम जेवणाचा जमाना आला.

पण जेवण 'मोफत' झालं ते भाड्यामुळे. अमेरिकेत १९३८ पासून सरकारी मंडळ विमानांची भाडी ठरवू लागलं. आंतरराष्ट्रीय मार्गांवर आयाटा या संघटनेत कंपन्या आपसात भाडी ठरवत. तिकीट स्वस्त करून गिऱ्हाईक ओढायची सोय नाही, मग चढाओढ कशात करायची? ताटात! एकाने सूप दिलं की दुसरा कोंबडी देई. पैसे प्रवाशाचेच होते, फक्त ते तिकिटात मिसळलेले असत.

ही चढाओढ कुठवर गेली पाहा. १९५८ मध्ये अटलांटिकवर स्वस्तातला इकॉनॉमी वर्ग सुरू झाला आणि त्यात फक्त साधं सँडविच द्यायचं असं ठरलं. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने पावाच्या कापावर भरगच्च पदार्थ रचले आणि त्यालाच सँडविच म्हटलं. पॅन अमेरिकनने तक्रार केली. सँडविच म्हणजे नेमकं काय, यावर मोठमोठी माणसं बैठकीला बसली आणि एसएएसला २० हजार डॉलर दंड झाला. मुलांना इतिहास शिकवताना मी हा किस्सा सांगतो तेव्हा वर्ग हसतो. पण मुद्दा हसण्यापलीकडचा आहे. भाडं बांधलेलं असलं की खाणं वाढतं, भाडं मोकळं झालं की खाणं आटतं.

१९७८ मध्ये अमेरिकेने भाडी मोकळी केली आणि नेमकं तेच झालं. शेंगदाण्याच्या पुडीवर प्रवाशाला नेणाऱ्या साउथवेस्टसारख्या कंपन्या फोफावल्या. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी प्रत्येक सॅलडमधलं एक ऑलिव्ह कमी करून वर्षाला ४० हजार डॉलर वाचवले, असं १९८० च्या दशकातलं उदाहरण आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगतात. युरोपात ब्रिटिश एअरवेजसारख्या जुन्या, भारदस्त कंपनीनेही जानेवारी २०१७ मध्ये जवळच्या मार्गांवर इकॉनॉमीतलं मोफत खाणं बंद करून मार्क्स अँड स्पेन्सरची सँडविचं विकायला काढली. गंमत म्हणजे पुढे कोरोनाच्या काळात त्यांनी पाण्याची बाटली आणि छोटी खाऊची पुडी पुन्हा मोफत सुरू केली.

जवळच्या फ्लाइटवरच कात्री का चालते, हेही समजून घेऊ. तासाभराच्या उड्डाणात चढणं-उतरणं वजा केलं तर वाढायला जेमतेम अर्धा तास मिळतो. ट्रॉल्या, ओव्हन, ट्रे यांचं वजन इंधन खातं. शिवाय खाणं दिलं की कचरा होतो, सफाईला वेळ जातो. स्वस्त कंपन्यांचा सगळा हिशोब विमान अर्ध्या तासात पुन्हा उडवण्यावर असतो. जमिनीवर उभं विमान म्हणजे बंद दुकान.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर देशांतर्गत आकाश इंडियन एअरलाइन्सचं झालं. उड्डाणाआधी ट्रेमधून येणाऱ्या गोळ्या आणि कानात घालायचा कापूस हे त्या काळातल्या प्रवाशांना अजून आठवतं. पण ते प्रवासी किती होते? आपल्या मोहल्ल्यात विमानात बसलेला माणूस शोधावा लागे. १९९२ मध्ये केरळच्या तकियुद्दीन वाहिद यांची ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स मुंबईहून उडू लागली, १९९३ मध्ये जेट आली, १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा गेला. या खासगी कंपन्यांनी आधी खातिरदारीचीच स्पर्धा लावली.

मग ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन आली. मोफत खाणं नाही, तिकीट मात्र स्वस्त, काही तिकिटं तर एक रुपयाला! २००५ मध्ये स्पाइसजेट, २००६ मध्ये इंडिगो. आज देशांतर्गत प्रवाशांपैकी दहातले सहाहून अधिक एकट्या इंडिगोने जातात. तिथे पाणी मिळतं. गरम पाणी ओतून तयार होणारा उपमा विकत घ्यावा लागतो. म्हणजे मोफत नाश्ता गेला आणि त्याच दारातून शिक्षक, नर्स, आखाती देशांत जाणारा फिटर असे आपल्यासारखे लोक आत आले. हा सौदा मला तरी तोट्याचा वाटत नाही.

पण हिशोब इथे संपत नाही. एअर इंडियाने जानेवारी २०१६ पासून ६१ ते ९० मिनिटांच्या उड्डाणांत इकॉनॉमीत फक्त शाकाहारी नाश्ता ठेवला. जुलै २०१७ मध्ये देशांतर्गत सर्वच उड्डाणांच्या इकॉनॉमीतून मांसाहार काढला. कारणं दिली खर्चाची, नासाडीची आणि ताटं अदलाबदल होण्याची. कारणं खोटी होती असं मी म्हणणार नाही, सरकारी कंपनी तेव्हा कर्जात बुडालेली होती. पण बिझनेस वर्गात मांसाहार चालूच राहिला. नासाडी फक्त मागच्या रांगांतच होते काय? काटकसर करतानाही कुणाच्या ताटातलं आधी काढायचं याची एक निवड असते आणि ती निवड हिशोबाच्या वहीआड लपते. मांसाहार करणारे फक्त मुसलमान नव्हेत. आगरी, कोळी, मराठा, दलित, बंगाली, ख्रिस्ती अशा कितीतरी घरांत तो रोजचा आहे. म्हणून याला एका समाजाची तक्रार समजू नये.

आम्ही उर्दू-मराठी शिकवणारी माणसं शब्दांकडे जरा जास्त पाहतो. 'सफर'पासून 'मुसाफिर' झाला. मराठीतला 'मोफत' फारसी 'मुफ्त'मधून आला. मराठीत 'शिदोरी', उर्दूत 'तोशा', दोन्ही घरून बांधून नेण्याच्या गोष्टी. पण दोन्ही भाषांना हेही ठाऊक आहे की शिदोरी संपते आणि मग वाटेवरच्या समाजावर जबाबदारी येते. जकात कुणाला द्यावी याच्या आठ प्रकारांत अडचणीतला मुसाफिर आहे. शेरशाह सूरीच्या सरायांत हिंदू आणि मुसलमान प्रवाशांच्या खाण्यापिण्याची वेगवेगळी सोय होती. वेगळेपणा होता, पण कुणाला उपाशी ठेवून नव्हता. औरंगाबादची पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तिथे पाण्याच्या जोरावर दळलेलं पीठ फकिरांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि वाटसरूंच्या भाकरीसाठी जाई.

विमान कंपनी म्हणजे खानकाह नव्हे, हे मान्य. ती धंदा करते आणि तिने धंदा करावा. तिकीट काढलं म्हणजे आपण पाहुणे झालो नाही, ग्राहक झालो. पण ग्राहकालाही हक्क असतात आणि ते आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसतात. डीजीसीएच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला, तर वेळेवर विमानतळावर पोचलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. तिकीट स्वस्त असलं तरीही. उशीर झाला की काउंटरवर जाऊन शांतपणे हा नियम सांगा. भांडायची गरज नाही, गप्प बसायचीही नाही.

खरी लूट विमानात कमी आणि विमानतळावर जास्त आहे. २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात विमानतळावरच्या महागड्या चहा-पाण्याचा प्रश्न संसदेत निघाला आणि त्याच डिसेंबरात कोलकात्याच्या विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला. चहा १० रुपये, पाणी १० रुपये, समोसा २० रुपये. सरकारने मनात आणलं तर हे होतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. प्रत्येक विमानतळावर असं दुकान मागणं हे विमानातल्या बिस्किटासाठी हळहळण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

बाकी शिदोरी आपली आपण न्यावी. घरच्या कोरड्या डब्याला बंदी नाही. पोळी-भाजी, कबाब, ठेपला, काहीही. रमजानमध्ये मगरिबची वेळ आकाशात गाठणार असेल तर खिशात चार खजूर ठेवावेत, पाणी मागून घ्यावं. आणि शेजारच्या सीटवर कुणी असेल तर एक खजूर पुढे करावा. मोफत म्हणण्यासारखं विमानात तेवढंच उरलंय, आणि ते बंद करणं कुठल्याच कंपनीच्या हातात नाही.