मुष्टियुद्धातील वजनाचा प्रश्न



ज्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय, अर्थकारण आणि राज्यघटना यांवरील व्याख्याने ऐकता, तेथे ठोसेबाजीचा विषय घेऊन उभे राहणे हे थोडे धारिष्ट्याचेच काम आहे. तरीही मी हा विषय घेतला, कारण त्यात इतिहासाच्या अभ्यासकाची एक जुनी अडचण दडलेली आहे. आजचे साडेसहा फूट उंचीचे, अडीचशे पौंडांचे हेवीवेट मुष्टियोद्धे डेम्प्सी, जो लुई, मार्सियानो या पूर्वीच्या जगज्जेत्यांपुढे उभे राहिले असते, तर काय झाले असते? एक पक्ष म्हणतो, जुन्या मर्दांची सर आताच्यांना नाही. दुसरा म्हणतो, मनुष्य प्रत्येक खेळात पुढे गेला आहे, मग याच खेळात जुने लोक कसे टिकतील? दोन्ही पक्ष कल्पनेच्या जोरावर बोलतात. वास्तविक कल्पनेची तितकीशी गरज नाही. लहान आणि अवाढव्य मुष्टियोद्ध्यांच्या लढती गेली सव्वाशे वर्षे प्रत्यक्ष होत आल्या आहेत. त्यांचे निकाल लिहून ठेवलेले आहेत आणि कित्येकांचे चित्रपटही शिल्लक आहेत. साक्षीदार हजर असताना त्यांना न विचारता निकाल देणे बरे नव्हे.

जुन्यांचा पक्ष नेहमी ज्या साक्षीदाराला प्रथम बोलावतो, तो ४ जुलै १९१९ चा आहे. अमेरिकेतील ओहायो संस्थानात टोलीडो या गावी त्या दिवशी जेस विलार्ड आणि जॅक डेम्प्सी यांची लढत झाली. विलार्ड साडेसहा फुटांहून किंचित उंच, वजन सुमारे २४५ पौंड. डेम्प्सी सहा फूट एक इंच, वजन १८७ पौंड. पहिल्याच फेरीत डेम्प्सीने त्या डोंगराला सात वेळा खाली पाडले आणि तिसरी फेरी संपल्यावर विलार्ड आपल्या कोपऱ्यातून उठलाच नाही. हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे. पुष्कळ वर्षे माझीही अशी खात्री होती, की ज्याने हे पाहिले त्याला पुढे काही विचारायचे उरत नाही.

परंतु साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. विलार्ड त्या दिवशी ३७ वर्षांचा होता, डेम्प्सी २४ चा. विलार्ड मूळचा कॅन्ससचा गुराखी. ज्या वयात इतर लोक या धंद्यात मुरलेले असतात, त्या वयात त्याने हातमोजे प्रथम चढवले. ५ एप्रिल १९१५ रोजी हवानाच्या उन्हात त्याने जॅक जॉन्सनला सव्विसाव्या फेरीत पाडून अजिंक्यपद मिळवले खरे, पण ती लढत ४५ फेऱ्यांची ठरलेली होती आणि जॉन्सनही तेव्हा ३७ वर्षांचा होता. त्यानंतरच्या चार वर्षांत विलार्डने अजिंक्यपदासाठी एकच लढत दिली. आणखी एक गोष्ट चित्रपटात स्पष्ट दिसते. विलार्ड पडला की डेम्प्सी त्याच्या डोक्याशीच उभा राहतो आणि तो गुडघ्यावरून उठू लागताच पुन्हा ठोसा हाणतो. त्या वेळी हे नियमात बसत होते. पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जाऊन थांबावे हा नियम पुढे आला, आणि नियतीचा खेळ असा की १९२७ साली शिकागोत टनीविरुद्ध लढताना त्याच नियमाने डेम्प्सीचा घात केला. तो कोपऱ्यात जायला रेंगाळला आणि तेवढ्यात टनीला सावरायला काही क्षण जास्तीचे मिळाले.

म्हणजे टोलीडोची साक्ष खोटी नाही. ती अपुरी आहे. थकलेला, अर्धाकच्चा शिकलेला भीमकाय पुरुष एका चपळ आणि निर्दय तरुणापुढे टिकत नाही, एवढेच तिने सिद्ध होते.

याहून मोलाची साक्ष मला बॉब फिट्झसिमन्सची वाटते. हा मनुष्य १८९७ साली अवघ्या १६७ पौंडांवर हेवीवेटचा जगज्जेता झाला. आज तो सुपर मिडलवेट गटात, म्हणजे हेवीवेटच्या कितीतरी खाली बसेल. १९०० साली त्याच्यापुढे एड डंकहॉर्स्ट नावाचा सुमारे ३०० पौंडांचा गडी उभा केला. त्याला लोक माणसांतली मालगाडी म्हणत. फिट्झसिमन्सने ती मालगाडी दुसऱ्या फेरीत रुळांवरून घसरवली. गोष्ट येथेच संपवली तर जुन्यांचा पक्ष जिंकला. पण त्याच्या आदल्याच वर्षी, जून १८९९ मध्ये, याच फिट्झसिमन्सचे अजिंक्यपद जिम जेफ्रीसने अकराव्या फेरीत हिरावून घेतले होते. जेफ्रीस दोनशे पौंडांवरचा, सहा फुटांहून उंच, आणि मुख्य म्हणजे शिकवून तयार केलेला. १९०२ साली दोघे पुन्हा भेटले. फिट्झसिमन्सने त्याचा चेहरा फाडून काढला, हुनर सगळा फिट्झसिमन्सच्या बाजूला होता, आणि आठव्या फेरीत पडला मात्र फिट्झसिमन्सच. शंभर पौंडांहून अधिक जड अडाण्याला ज्याने लोळवले, तोच चाळीसेक पौंडांनी जड अशा जाणत्यापुढे हरला. माझ्या मते या एका कारकिर्दीत आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

प्रीमो कार्नेराची हकीकत आपणां सर्वांना ठाऊक असेल. इटलीचा हा साडेसहा फुटी, २६० पौंडांचा सालस गडी १९३३ साली जगज्जेता झाला. त्याच्या आधीच्या पुष्कळशा लढतींना आपल्याकडील कुस्तीशौकिनांनी ‘नुरा कुस्ती’ हेच नाव दिले असते, असा संशय तेव्हापासून आहे. १९३४ साली मॅक्स बेअरने त्याला अकरा फेऱ्यांत दहा-अकरा वेळा पाडले. पुढच्या वर्षी जो लुईने, जो त्याच्याहून साठ-पासष्ट पौंडांनी हलका होता, सहाव्या फेरीत त्याचा निकाल लावला. १९४२ च्या पहिल्या तीन महिन्यांत लुईने बडी बेअर आणि एब सायमन हे अडीचशे पौंडी जोडीने उरकले, पैकी बेअरला तर पहिल्याच फेरीत. मात्र १९३४ च्या मार्चमध्ये कार्नेराने टॉमी लॉफरनचा १५ फेऱ्यांत गुणांवर पराभव केला होता, हे सहसा कोणी सांगत नाही. लॉफरन हा त्या पिढीतील अत्यंत शास्त्रशुद्ध मुष्टियोद्धा होता, आणि दोघांच्या वजनात ८० पौंडांहून अधिक अंतर होते. कार्नेरासारख्या बेतास बात कारागिराला जड ठोसा नसलेल्या पंडितावर नुसत्या वजनाने मात करता आली.

मध्यंतरी एक गंमत झाली. १९६७ साली मरी वॉरोनर नावाच्या अमेरिकन निर्मात्याने सर्व काळच्या जगज्जेत्यांची माहिती संगणकाला पुरवली आणि त्याच्याकडून निकाल काढून नभोवाणीवर लढती ‘प्रक्षेपित’ केल्या. त्यात मार्सियानो विजयी ठरला. महंमद अली जेफ्रीसकडून हरल्याचे निघाले, तेव्हा अलीने चक्क दावा लावला! तडजोड म्हणून पुढे अली व मार्सियानो यांनी कॅमेऱ्यापुढे लुटुपुटुची लढत दिली. ती १९७० साली दाखवली गेली, तोवर मार्सियानो विमान अपघातात मरण पावला होता. यंत्रात जे घालावे तेच बाहेर येते.

आता मधल्या काळात खरोखर काय बदलले ते पाहू. माणसे उंच झाली, आहार सुधारला, हे सर्वजण सांगतात आणि ते खरेही आहे. पण उंच माणसे पूर्वीही होतीच. विलार्ड आणि कार्नेरा कोणाच्या आहारावर वाढले? मला दुसरे कारण महत्त्वाचे वाटते. १९८४ सालच्या ऑलिंपिकपासून ९१ किलोंच्या वरचा सुपर हेवीवेट गट स्वतंत्र झाला. थोराड मुलगा पूर्वी सर्कशीत, गुराख्यांत किंवा गोदीवर सापडायचा आणि थेट पैशांच्या लढतीत ढकलला जायचा. आता तो कोवळ्या वयापासून आपल्याच मापाच्या मुलांशी लढून शिकू लागला. १९८८ साली सोल येथे या गटाचे सुवर्णपदक लेनॉक्स लुईसने रिडिक बोवला हरवून मिळवले. १९९६ साली अटलांटात ते व्लादिमीर क्लिच्कोला मिळाले, २०१२ साली लंडनमध्ये अँथनी जोशुआला. हे चौघेही साडेसहा फुटांच्या आसपासचे आणि चौघेही पुढे व्यावसायिक जगज्जेते झाले. थोराड शरीराला प्रथमच शाळा मिळाली होती.

या शाळेत तयार झालेला मनुष्य वजनाचा उपयोग कसा करतो, हे समजावून घेतले पाहिजे. अधिक वजनाचा ठोसा अधिक जोराचा, एवढाच त्याचा अर्थ नाही. डेम्प्सीच्या १८७ पौंडांतला ठोसा विलार्डला पुरेसा होता, आणि २०१८ साली डीऑन्टे वाइल्डरने २१२ पौंडांवर सहा फूट नऊ इंची टायसन फ्युरीला दोनदा पाडले. वजनाचे खरे काम मिठीत होते. व्लादिमीर क्लिच्को लांबून सरळ डावा ठोसा मारी, आणि लहान प्रतिस्पर्धी आत घुसला की त्याला कवेत घेऊन आपला सारा भार त्याच्या मानेवर टाकी. २०१३ साली मॉस्कोत पोवेत्किनला त्याने रात्रभर असे दाबले. पंचांनी अकराव्या फेरीत त्याचा एक गुण कापला, तोवर निकाल लागून गेला होता. बघायला हे कंटाळवाणे आहे. पण मानेवर २४० पौंड घेऊन बारा फेऱ्या पाय चालवणे म्हणजे काय, ते तालमीत उतरलेल्यांना सांगायला नको. १९१० साली लंडनमध्ये गामापुढे झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ जमिनीला चिकटून पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली, ती याच विद्येमुळे.

तरी वजन सर्वस्व नव्हे. इव्हँडर होलिफील्डने २७ ते ३० पौंड अधिक वजनाच्या बोवशी तीन लढती दिल्या. दोन हरला, पण १९९३ मधली जिंकला. निकोलाय वालुएव्ह सात फुटी, ३१६ पौंडांचा. २००९ साली न्युरेंबर्ग येथे शंभराला थोडे कमी इतक्या पौंडांनी हलक्या डेव्हिड हेने त्याला गुणांवर हरवले. आणि अलीकडे ओलेक्सांद्र उसिकने तर क्रूझरवेट गटातून वर येऊन २०२१ व २०२२ साली जोशुआला, मे आणि डिसेंबर २०२४ मध्ये फ्युरीला नमवले. डिसेंबरमध्ये फ्युरी २८१ पौंडांचा होता, उसिक २२६ चा.

उसिकच्या विजयाने जुन्यांच्या पक्षाला फार आनंद झाला. पाहा, लहान माणूस अजून जिंकतो! मलाही झाला. पण मग मी वजनांचा तक्ता काढून बसलो. हा लहान माणूस सहा फूट तीन इंच उंच आहे, आणि टोलीडोच्या डेम्प्सीहून त्याचे वजन जवळजवळ ४० पौंड जास्त आहे. तो १९१९ साली उतरला असता, तर लोकांनी त्यालाच राक्षस म्हटले असते. होलिफील्डही बोवविरुद्ध जिंकला तो २१७ पौंडांवर. २०५ वर हरला होता. शिकलेल्या महाकाय पुरुषाला ज्यांनी हरवले, ते जवळजवळ सारे २१० ते २३० पौंडांच्या पट्ट्यातले निघतात. दोनशेच्या आतला त्यांत मला कोणी सापडत नाही. व्यवसायाच्या चालकांनीही १९७९ साली क्रूझरवेट हा नवा गट निर्माण करून हेच मान्य केले. त्याची मर्यादा प्रथम १९० पौंड होती, पुढे २०० झाली. डेम्प्सी आणि मार्सियानो दोघेही आज त्या गटात बसतील.

तेव्हा माझा निकाल सांगतो. बारा फेऱ्यांच्या, जाड मोज्यांच्या आणि मिठीला उदार असलेल्या आजच्या रिंगणात १८५ पौंडांचा, पाच फूट साडेदहा इंची मार्सियानो ऐन भरातल्या लुईसला किंवा क्लिच्कोला हरवू शकला नसता. तो एकूणपन्नास लढती अपराजित राहिला, या गोष्टीला त्याने उणेपणा येत नाही. डेम्प्सीविषयीही, जड मनाने, मी हेच म्हणेन. पहिल्या दोन फेऱ्यांपुरती थोडी जागा ठेवून. जो लुईबद्दल मी पैज लावणार नाही, कारण त्याचे हात त्याच्या वजनाहून फार मोठे होते. किन्शासात १९७४ साली फोरमनपुढे उभा राहिलेला अली मात्र २१६ पौंडांचा आणि सहा फूट तीन इंची होता. तो तर उसिकच्याच मापाचा. त्याला आजच्या कोणाही महाकाय पुरुषापुढे सोडायला माझी हरकत नाही.

आता कोणी विचारील की डेम्प्सीला आजचा खुराक, आजचा व्यायाम देऊन २१५ पौंडांचा केला तर? होलिफील्डने तसे करून दाखवलेच होते. पण तो डेम्प्सी टोलीडोला लढला नाही, आणि त्याच्याविषयी माझ्याजवळ कसलाच कागद नाही. उलट बाजूने एक विचारतो. फ्युरीला जर १९१९ मध्ये नेले, दूरच्या कोपऱ्याचा नियम काढून घेतला, आणि तो एकदा का होईना पडला – वाइल्डरने त्याला पाडलाच होता – तर उठताना त्याच्या डोक्याशी जो उभा असेल, तो १८७ पौंडांचाच असेल.