निरोगी-वापरकर्ता अभिनती

निरोगी-वापरकर्ता अभिनती : एखादे औषध, आहार किंवा तपासणी आपणहून स्वीकारणारे लोक इतरांपेक्षा मुळातच अधिक निरोगी व दक्ष असल्याने त्या उपायाचा गुण प्रत्यक्षाहून मोठा भासणे. साथरोगशास्त्र आणि आरोग्य-मानसशास्त्र यांतील निष्कर्ष चुकवणारा हा एक प्रमुख दोष होय.

नेमाने गोळ्या घेणारा माणूस बहुधा तंबाखू टाळतो, व्यायाम करतो, वेळेवर डॉक्टरांकडे जातो. उलट, प्रकृती ढासळली की औषधे सुटतात. तेव्हा औषध न घेणे हे आजाराचे कारण नसून परिणाम असते.

याचा ठळक पुरावा अमेरिकेतील ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या चाचणीने 1980 मध्ये दिला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांपैकी काहींना क्लोफायब्रेट, तर काहींना औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी (प्लासिबो) दिली होती. क्लोफायब्रेटच्या 80 टक्के वा अधिक मात्रा घेणाऱ्यांत पाच वर्षांतील मृत्युप्रमाण 15.0 टक्के, तर कमी घेणाऱ्यांत 24.6 टक्के होते. एवढ्यावरून औषध गुणकारी ठरले असते. परंतु प्लासिबो घेणाऱ्यांतही हेच प्रमाण अनुक्रमे 15.1 व 28.2 टक्के निघाले. आरंभीच्या 40 घटकांचा हिशेब घेऊनही ही तफावत फारशी घटली नाही. दोन्ही गट संपूर्ण धरता मृत्युप्रमाण जवळजवळ सारखेच होते.

रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक-उपचाराने हृदयविकार टळतो, असे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांतून दिसत होते. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’च्या 16,608 स्त्रियांवरील यादृच्छिक चाचणीत मात्र इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या एकत्रित उपचाराने हृदयविकार, पक्षाघात व स्तनाचा कर्करोग यांचा धोका वाढल्याचे आढळले आणि 2002 मध्ये चाचणीचा तो भाग मुदतीआधी थांबवला गेला. आधीच्या आशादायक चित्रामागे ही अभिनती हे एक कारण मानले जाते. उपचार सुरू करतेवेळचे वय हे दुसरे.

उपाय : गट चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने पाडावेत. ज्याला ज्या गटात घातले, त्याची गणना त्याच गटात करावी, मग त्याने औषध घेतलेले असो वा नसो. अशी चाचणी शक्य नसल्यास, ज्यावर त्या उपायाचा परिणाम होणेच शक्य नाही अशी एखादी बाबही मोजावी. तिथेही लाभ दिसला, तर तो औषधाचा नसून माणसांच्या निवडीचा आहे, असा संशय घेणे संशोधकाचे कर्तव्य ठरते. कारण अशा निष्कर्षांच्या भरवशावरच पुढे निरोगी माणसांनाही औषधे दिली जातात.